खोचक, खवचट, मिश्कील: इंग्रजीत सूर आणि स्वभाव सांगायला शिकताना

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या तोंडी भागात एक मिनिट विचार करायला मिळतो आणि मग दिलेल्या विषयावर दोन मिनिटांपर्यंत सलग बोलायचं असतं. ‘तुम्हाला आदर वाटतो अशा माणसाचं वर्णन करा’ अशा धर्तीचे विषय तिथे नेहमीचेच. त्याच तयारीसाठी आलेली एक मुलगी माझ्यासमोर बसून आजोबांबद्दल बोलत होती. आजोबांचं खंडेराव मार्केटजवळ किराण्याचं दुकान होतं. कोणतं गिऱ्हाईक उधारी फेडेल आणि कोणतं बुडवेल, हे ते माणूस पायरी चढतानाच ओळखायचे. तिला म्हणायचं होतं की आजोबा मोठे चतुर. ती म्हणाली, ‘माय ग्रँडफादर वॉज अ व्हेरी कनिंग मॅन.’

बोलताना तिचे डोळे भरून आले होते आणि तोंडातून मात्र आजोबा लबाड ठरले होते. तिने फोनवरच्या शब्दकोशात ‘चतुर’ शोधलं होतं, समोर ‘कनिंग’ आलं होतं, तिने ते पाठ केलं होतं. मेहनतीत ती कुठेच कमी पडली नव्हती. कनिंग या शब्दात नापसंती दडलेली आहे, एवढंच तिला कुणी सांगितलं नव्हतं.

ज्यांचं व्याकरण बऱ्यापैकी जमलंय, पण माणसाचं वर्णन करताना गुड, बॅड, अँग्री, हॅपी यांच्या पुढे गाडी सरकत नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. कुणी परदेशी शिकायला जायचं म्हणून येतं, कुणी कॅट किंवा जीआरईसारख्या प्रवेशपरीक्षेसाठी, कुणाला फक्त इंग्रजी नीट वाचायचं असतं. बडोद्यातल्या मराठी घरांत आत मराठी, पोळात, म्हणजे गल्लीत, गुजराती, कॉलेजात हिंदी आणि इंग्रजी असा कारभार असतो. यामुळे आपली इंग्रजी कच्ची राहिली असं मुलं म्हणतात, तेव्हा मी त्यांना थांबवते. ज्याच्या कानावर रोज तीन भाषांचे सूर पडतात, त्याला चौथीचे सूर लवकर कळतात. फक्त सुरुवात योग्य जागेवरून व्हायला हवी.

पहिली पायरी: मराठीतला सूर पकडा

इंग्रजी शब्दांची यादी अजून उघडू नका. एक मराठी वाक्य घ्या: ‘वा, छान केलंस!’ आता ते वेगवेगळ्या तोंडी घालून मोठ्याने म्हणा.

मुलीचा निकाल चांगला लागला आणि आई हे म्हणाली, तर सूर मनापासूनचा. इंग्रजीत सिन्सिअर. तीच आई मिठी मारून, पेढे वाटून, दहा वेळा म्हणाली, तर इफ्यूझिव्ह, म्हणजे भरभरून ओसंडणारा. गॅसवरचं दूध उतू गेलं आणि आई म्हणाली, तर सार्कॅस्टिक. नातवाने डब्यातला चिवडा गुपचूप संपवला आणि आजोबांनी डोळ्यांत हसत म्हटलं, तर इंडल्जंट, म्हणजे चूक दिसते आहे पण लाड जास्त आहे. जावेच्या मुलाला आपल्या मुलापेक्षा जास्त मार्क पडले आणि तोंडदेखलं म्हणावं लागलं, तर ग्रजिंग, म्हणजे हातचं राखून केलेलं कौतुक. साहेबाने खुर्चीत रेलून, लहान मुलाची पाठ थोपटावी तसं म्हटलं, तर पॅट्रनायझिंग. तिसऱ्यांदा तीच चूक झाली आणि आता रागवायचंही त्राण उरलं नाही, तर रिझाइन्ड. आणि घाईत आपणच दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून निघालो, ते लक्षात आल्यावर स्वतःलाच म्हटलं, तर राय.

आठ सूर, वाक्य एकच. मराठीत हे आठही तुम्हाला तान्हेपणापासून ओळखता येतात. घरात आत्या ‘आलीस? ये’ असं म्हणाली की त्या दोन शब्दांवरून आज हवा कशी आहे ते कळतं. ही समज इंग्रजीत नव्याने कमवायची नाही, तिला फक्त नावं द्यायची आहेत. म्हणून पहिल्या आठवड्यात एवढंच करा: घरात ऐकलेलं एक वाक्य रोज वहीत लिहा, ते कोणत्या सुरात म्हटलं गेलं ते मराठीत लिहा आणि मगच त्या सुरासाठी इंग्रजी शब्द शोधा.

मराठीत या शब्दांची श्रीमंती केवढी आहे ते तेव्हा कळतं. खोचक म्हणजे टोचणारं. इंग्रजीत बार्ब्ड, आणि त्याचाही मूळ अर्थ काटे असलेला, तारेच्या कुंपणाला असतात तसे. खवचट बोलण्याला स्नाइड जवळचा. कुत्सित हसण्याला डिरायसिव्ह किंवा स्नीअरिंग. टोमण्याला जाइब. जळजळीत टीकेला स्केदिंग. मिश्कील माणसाला ड्रोल म्हणता येतं, पण ड्रोलमध्ये जरा विचित्रपणाची छटा आहे. मिश्कीलमधला लाघवीपणा हवा असेल तर इम्पिश बरा. तिरकस बोलण्याला राय चालतो. राय या शब्दाचा जुना अर्थच वाकडा, पिळलेला असा आहे, म्हणून राय स्माइल म्हणजे अक्षरशः वाकडं हसू. या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये सुरुवातीला मूक डब्ल्यू असतो. मी इथे सगळे शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत देते आहे. स्पेलिंग तुम्ही स्वतः कोशातून उतरवून घ्या, त्या शोधण्यातच शब्द अर्धा पाठ होतो.

दुसरी पायरी: शब्दाचा कल तपासा

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची आहे आणि पाठांतराच्या पुस्तकांत नेमकी हीच गाळलेली असते. स्वभाव सांगणारा प्रत्येक शब्द दोन गोष्टी सांगतो. माणूस कसा आहे ही एक, आणि बोलणाऱ्याला तो आवडतो की नाही ही दुसरी.

चतुर आजोबांकडेच परत येऊ. अस्ट्यूट म्हणजे परिस्थिती अचूक वाचणारा, यात आदर आहे. श्रूड म्हणजे व्यवहारात पक्का, सहसा कौतुकाने म्हणतात, थोडी सावधगिरी मिसळून. कॅनी म्हणजे पैशाच्या बाबतीत जपून चालणारा हुशार. क्राफ्टी आणि स्लाय इथून पुढे लबाडी सुरू होते. कनिंग तिथलाच. आपल्याकडे चतुर, चाणाक्ष, बेरकी, धूर्त, लबाड, कावेबाज ही उतरंड आहेच. बेरकी म्हटलं की आपण अर्धं हसतो, कावेबाज म्हटलं की नाही. दोन्ही उतरंडी वहीत शेजारी शेजारी मांडा. एकास एक जुळणार नाहीत, आणि जिथे जुळत नाहीत तिथेच खरं शिकणं होतं.

पैशाच्या बाबतीतही तसंच. काटकसरी तो थ्रिफ्टी, ही स्तुती. साधेपणाने, गरजेपुरतं राहणारा तो फ्रूगल, हीसुद्धा बहुधा स्तुती. पार्सिमोनिअस म्हटलं की नापसंती आली, तीही जरा पुस्तकी थाटात. चिक्कू तो स्टिंजी, हा घरगुती शब्द. कवडीचुंबक तो मायझर्ली.

ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांनी १९४८ मध्ये बीबीसीच्या एका कार्यक्रमात हा प्रकार क्रियापद चालवल्यासारखा करून दाखवला होता: मी ठाम आहे, तू हटवादी आहेस, तो डुकरासारखा अडेलतट्टू मूर्ख आहे. गुण एकच, ज्याच्याबद्दल बोलायचं तो जवळचा की लांबचा यावर शब्द बदलला. हा खेळ मराठीत खेळायला घ्या. मी स्पष्टवक्ता, तू फटकळ, तो उद्धट. मग इंग्रजीत: कँडिड, ब्लंट, रूड. मी बोलका, तू बडबडी, तो तोंडाळ. घरात तीन माणसं असली तरी हा खेळ जेवताना होतो.

याचं एक बडोद्याचं उदाहरण मुलांना फार आवडतं. आपल्या अंशुमान गायकवाड यांनी १९८३ मध्ये जालंधरच्या कसोटीत पाकिस्तानविरुद्ध ६७१ मिनिटं खेळपट्टीवर उभं राहून २०१ धावा केल्या. आता या खेळीवर चार वार्ताहर लिहायला बसले आहेत अशी कल्पना करा. एकाला ती देशासाठी केलेली तपश्चर्या वाटते, तो रेझोल्यूट लिहील. दुसरा डॉगेड लिहील. त्यात कुत्रा आहे, धरलेलं न सोडणारा, आणि तरी ही स्तुतीच आहे. तिसरा म्हणेल स्टॉलिड, म्हणजे चेहऱ्यावरची रेघ न हलवता उभा. चौथ्याला चौकार बघायचे होते, तो प्लॉडिंग लिहील, म्हणजे रखडत, पाय ओढत. मिनिटं ६७१ आणि धावा २०१ चौघांसाठी सारख्याच. फरक पडला तो लिहिणाऱ्याच्या सुरात. स्वभावाचे शब्द आणि सुराचे शब्द वेगळे शिकू नका असं मी सांगते ते यासाठी. माणसाला कोणतं विशेषण लावलं, यावरूनच लावणाऱ्याचा सूर कळतो.

शब्दाचा कल कुठे पाहायचा? फोनवरच्या एका ओळीच्या अर्थात तो सापडत नाही. ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजचा विद्यार्थ्यांसाठीचा कोश इंटरनेटवर फुकट पाहता येतो. तिथे अशा शब्दांपुढे बरेचदा नापसंतीची किंवा पसंतीची खूण असते, आणि खाली उदाहरणाची वाक्यं असतात. ती सगळी वाचा. उलट दिशेने, मराठीतून इंग्रजीकडे जायचं असेल तर मोल्सवर्थचा मराठी–इंग्रजी कोश आहे. पहिली आवृत्ती १८३१ ची, सुधारलेली दुसरी १८५७ ची, आणि शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो शब्द घालून पाहता येतो. आपल्या आजीच्या तोंडचे कितीतरी शब्द तिथे भेटतात. मात्र त्यातली इंग्रजी पावणेदोनशे वर्षांपूर्वीची आहे, म्हणून तिथे मिळालेला शब्द आजच्या कोशात तपासल्याशिवाय वापरू नका.

तिसरी पायरी: शब्द कुणाला लागतो ते पाहा

घुमा माणूस असतो, घुमं पत्र नसतं. इंग्रजीतही तसंच आहे. टॅसिटर्न म्हणजे स्वभावानेच अबोल, आणि तो माणसालाच लागतो. पत्र किंवा उत्तर तुटक असेल तर टर्स. लकॉनिक दोघांनाही लागतो, मोजके शब्द पण नेमके. हा शब्द ग्रीसमधल्या लकोनियावरून आला, स्पार्टाचा तो प्रदेश. तिथली माणसं कमी बोलण्याबद्दल प्रसिद्ध होती. रेटिसंट म्हणजे एखाद्या गोष्टीबद्दल मनातलं बाहेर न काढणारा, त्याला नाखूश या अर्थाने वापरू नका. बडबड्या काकांना गॅरुलस म्हणा, पाल्हाळिक निबंधाला व्हर्बोस.

काही शब्दांच्या जोड्या ठरलेल्या असतात, जशा मराठीत ‘घनघोर’ म्हटलं की युद्ध किंवा पाऊसच येतो. स्केदिंग बरोबर रिव्ह्यू किंवा अटॅक, कॉस्टिक बरोबर रिमार्क, विदरिंग बरोबर लुक, ग्रजिंग बरोबर रिस्पेक्ट, अ‍ॅब्जेक्ट बरोबर अपॉलॉजी. शब्द नेहमी जोडीनेच वहीत उतरवा. परीक्षकाला शब्दाच्या मोठेपणापेक्षा तो योग्य शेजाऱ्याबरोबर आलाय का हे आधी दिसतं.

चौथी पायरी: शब्दाची जन्मकथा वाचा

हा माझा सगळ्यांत आवडता भाग. ‘पित्त खवळलं’ असं आपण म्हणतो तेव्हा शरीरातल्या द्रवावर स्वभाव ठरतो ही कल्पना आपल्या बोलण्यात जिवंत असते. जुन्या ग्रीक वैद्यकातही तसंच होतं, फक्त तिथे द्रव चार होते: रक्त, कफ, पिवळं पित्त, काळं पित्त. रक्त जास्त तो सँग्विन, आशावादी. कफ जास्त तो फ्लेगमॅटिक, काही झालं तरी न हलणारा, थंड. पिवळं पित्त जास्त तो कॉलरिक, शीघ्रकोपी. काळं पित्त जास्त तो मेलन्कॉलिक, उदास. पित्तप्रकृतीचे मामा डोळ्यांसमोर आणा, कॉलरिक पुन्हा विसरणार नाही.

ग्रहांचंही तसंच. साडेसातीची भीती ज्या घरात आहे तिथे सॅटर्नाइन समजावून सांगावा लागत नाही: शनीच्या छायेखाली जन्मल्यासारखा, गंभीर, काळवंडलेल्या चेहऱ्याचा. जोव्हिअल हा गुरूचा, जोव्ह म्हणजेच ज्युपिटर, म्हणून आनंदी, मोकळा, चारचौघांत हसवणारा. मर्क्युरिअल बुधाचा, आणि पाऱ्याचाही. इथे एक सापळा आहे. आपण ‘पारा चढला’ म्हणतो ते रागाबद्दल. मर्क्युरिअल म्हणजे रागीट नव्हे. घडीत हसू घडीत रुसू, हातात न गवसणारा, चपळ बुद्धीचा, असा तो शब्द आहे.

सार्कॅझम ज्या ग्रीक शब्दातून आला त्याचा अर्थ मांस ओरबाडणं. कॉस्टिकचा अर्थ जाळणारं, नाली साफ करायच्या कॉस्टिक सोड्याने हात भाजतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. सूपरसिलिअस, म्हणजे दुसऱ्याला तुच्छ लेखणारा, हा लॅटिनमधल्या भुवईवरून आला. भुवई उंचावून पाहणारा शिष्ट माणूस आठवा, झालं. आणि लांगूलचालन हा आपला शब्द. लांगूल म्हणजे शेपूट, ती हलवणं. इंग्रजीतला फॉनिंगसुद्धा मालकापुढे शेपूट हलवणाऱ्या कुत्र्यासाठीच वापरतात. त्याचा पुस्तकी भाऊ अब्सीक्विअस, मागे मागे जाणारा. दोन भाषांनी एकाच प्राण्याकडे पाहून एकच गोष्ट टिपली, हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

पाचवी पायरी: वही आणि उजळणी

रोज तीन शब्द, जास्त नाही. प्रत्येक शब्दासाठी एक चिठ्ठी. पुढच्या बाजूला मराठीत प्रसंग लिहा: ‘जावेच्या मुलाचं नाइलाजाने केलेलं कौतुक’. मागे इंग्रजी शब्द, कलाची खूण आणि त्याची जोडी. पुढे इंग्रजी आणि मागे अर्थ असं करू नका, कारण बोलताना आपल्याला प्रसंगाकडून शब्दाकडे जायचं असतं. चिठ्ठी दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, आठवड्याने आणि तीन आठवड्यांनी पाहा. चुकली तर पुन्हा पहिल्यापासून. विसरणं सुरुवातीला वेगाने होतं आणि अंतर ठेवून केलेल्या उजळणीने थोपतं, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून मांडलं होतं. फोनवर करायचं असेल तर अँकी नावाचं अ‍ॅप याच तत्त्वावर चालतं.

सहावी पायरी: वाचताना सूर ओळखा

आता इंग्रजी वृत्तपत्र घ्या. एकाच घटनेची बातमी आणि त्याच घटनेवरचा अग्रलेख असे दोन तुकडे. बातमीतली विशेषणं पेन्सिलने खुणावा, मग अग्रलेखातली. बातमीत फारशी सापडणार नाहीत. अग्रलेखात ती जिथे दाटी करतात तिथे सूर आहे. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत जा. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून बडोद्याची ग्रंथालयव्यवस्था उभी केली, तिचं हे मुख्य घर. तिथे काचेच्या जमिनीच्या मजल्यांवर पुस्तकं रचलेली आहेत. तासभर बसून वाचायला शांतता मिळते आणि मराठी, गुजराती, इंग्रजी एकाच छताखाली मिळतं.

परीक्षेत उताऱ्याचा सूर विचारतात तेव्हा काही जोड्या हमखास गोंधळ घालतात. डिसइंटरेस्टेड म्हणजे निःपक्ष, ज्याचा स्वतःचा स्वार्थ गुंतलेला नाही. रस नसलेला तो अनइंटरेस्टेड. इन्डिफरंट म्हणजे ज्याला काहीच फरक पडत नाही, डिसपॅशनेट म्हणजे विचार करून तटस्थ राहिलेला. स्केप्टिकल पुरावा मागतो, सिनिकल माणसाच्या हेतूवरच विश्वास ठेवत नाही. अँबिव्हॅलंट लेखकाचं मन दुहेरी असतं, अँबिग्युअस वाक्याचा अर्थ दुहेरी असतो. क्रिटिकल म्हणजे दर वेळी निंदा नव्हे, चिकित्साही असते. आणि पर्यायांत स्केदिंगसारखा टोकाचा शब्द दिसला तर उताऱ्यात त्या ताकदीचा निदान एक शब्द बोटाने दाखवता आला पाहिजे. दाखवता येत नसेल तर तो पर्याय सोडा.

एका शब्दाने किती फरक पडतो, हे मी मुलांना आपल्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहतांच्या गोष्टीवरून सांगते. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात ‘ऑल मेन’ जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत, असं होतं. ते ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ असं व्हावं यासाठी त्या आग्रही राहिल्या, आणि पहिल्या कलमात तसंच छापलं गेलं. विद्यापीठाच्या ग्रंथालयाला त्यांचंच नाव आहे.

जिथे शब्दच मिळत नाही

दीडशहाणा घ्या. गुजरातीत दोढडाह्यो, अगदी तोच हिशोब, शहाणपण दीडपट. इंग्रजीत नो-ऑल म्हणतात, पण त्यात तो अर्धा जास्तीचा तुकडा येत नाही. भिडस्त तर त्याहून अवघड. डिफिडंट म्हटलं तर आत्मविश्वास कमी असा अर्थ होतो, रिझर्व्ड म्हटलं तर माणूस अलिप्त वाटतो. भिडस्त माणूस दोन्ही नसतो, त्याला समोरच्याला नाही म्हणवत नाही, बस. अशा वेळी एका शब्दाचा हट्ट सोडा आणि एका वाक्यात सांगा की त्याला कुणाला नाही म्हणणं जड जातं. साध्या शब्दांतलं असं नेमकं वाक्य न पटणाऱ्या मोठ्या शब्दापेक्षा नेहमी वरचढ असतं, परीक्षेतही.

त्या मुलीने पुढच्या आठवड्यात आजोबा पुन्हा सांगितले. दुकानात ते श्रूड होते, घरी फ्रूगल, पाहुण्यांशी जोव्हिअल. मग ती क्षणभर थांबली आणि साध्या इंग्रजीत म्हणाली, ज्यांनी उधारी बुडवली त्यांनाही आजोबांनी कधी दारातून परत पाठवलं नाही.